अंतिम निकालानंतर सापडलेला कागद

एखाद्या माणसाचा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला या प्रश्नावर पुण्याच्या सदाशिव पेठेत जितकी शाई खर्च झाली, तितकी महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही पेठेत झाली नसेल. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिवारात शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद कित्येक वर्षे रंगला. बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया सर्वत्र मान्य झालेली असताना कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातून निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया नोंदलेली आढळली, आणि पुढे राजस्थानात, जोधपूरच्या एका संग्रहात मिळालेल्या जन्मपत्रिकेने त्या नोंदीला पुष्टी दिली. वाद तेवढ्याने मिटला नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. परंतु त्या साऱ्या वादंगात तिथी एकदा ठरलेली आहे, सबब नवा कागद आता दाखल करून घेतला जाणार नाही, असे मात्र कोणी म्हटले नाही.

फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात नेमके हेच म्हटले जाते, आणि ते अगदीच अकारण म्हटले जाते असेही नाही. वतनाच्या तंट्यांचे जुने महजर आणि निवाडपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की, पाटीलकी-देशमुखीच्या कज्ज्यात हरलेला पक्ष पाचपंचवीस वर्षांनी, अंमल बदलला की, नवे कागद काखोटीला मारून दुसऱ्या थळाला जाई आणि मिटलेला मनसुबा पुन्हा उभा करी. म्हणूनच निवाडा होताच हरलेल्याकडून येजितखत लिहून घेण्याची वहिवाट पडली, की आपण खोटे झालो, यापुढे या बाबीत कथला करणार नाही. कोणत्याही न्यायव्यवस्थेला कोठे तरी थांबावे लागतेच. प्रश्न इतकाच की, ज्या निकालाने शेताचा बांध ठरतो आणि ज्या निकालाने माणसाचा गळा फासात जातो, त्या दोहोंना थांबण्याची जागा एकच असावी काय. आणि आजच्या आपल्या कायद्यात तर नवल असे की, बांधाच्या निकालाला जी मोकळीक आहे ती गळ्याच्या निकालाला नाही. त्याचा तपशील पुढे येईल. आधी पुण्यातील प्रकरण सांगतो.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पौड रस्त्यावरील राठी कुटुंबाच्या घरी पाच स्त्रिया आणि दोन बालके यांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. हेतू लुटीचा होता असे पुढे न्यायालयात शाबीत झाले. ज्या शहराने १९७६ च्या अखेरीस जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाची धास्ती अनुभवलेली होती, ज्या शहरात त्या महिन्यांत तिन्हीसांजेलाच दारांना आतून अडसर पडत होते आणि आमच्या पेठेच्या कडेला असलेल्या विजयानगर कॉलनीतही एक घाला पडला होता, त्या शहराला हे नवे हत्याकांड ऐकून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. जोशी-अभ्यंकर प्रकरणातील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, आणि त्या दिवशी पुण्यात फारसे कोणी हळहळले नाही. राठी हत्याकांडाच्या आरोपींबद्दलही लोकभावना याहून वेगळी असण्याचे कारण नव्हते.

आरोपी तिघे होते, तिघेही राजस्थानातून पोटामागे आलेले. त्यांतील एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना, म्हणजे जितेंद्र गेहलोत आणि नारायण चेतनराम चौधरी यांना, पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी १९९८ मध्ये देहान्ताची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये ती कायम केली. ५ सप्टेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला पुनर्विलोकनाचा अर्जही निकाली निघाला. तपासापासून शेवटच्या हुकुमापर्यंत चार टप्पे झाले, प्रत्येक टप्प्यावर विद्वान वकील उभे राहिले, साक्षीपुराव्याचा कीस पडला, माफीच्या साक्षीदारावर कितपत विसंबावे यावर कायद्याच्या अहवालांत आजही उद्धृत होणारी चर्चा झाली. एक प्रश्न मात्र या संपूर्ण प्रवासात निर्णयासाठी पुढे आला नाही: नारायण चौधरीचे वय काय? कागदोपत्री तो प्रौढ होता आणि तेवढे सर्वांना पुरेसे वाटले.

अल्पवयीन म्हणून ठरलेल्या व्यक्तीचे नाव छापू नये असा कायद्याचा दंडक आहे, याची मला जाणीव आहे. पण हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाशित निकालपत्राच्या मथळ्यावरच आहे, आणि प्रकरणाचा निम्मा पेच त्या नावातच असल्यामुळे ते येथे दडवून काही साधण्यासारखे नाही.

बिकानेर जिल्ह्याच्या श्रीडुंगरगढ तालुक्यात जालबसर नावाचे गाव आहे. तेथील सरकारी शाळेच्या दाखलनोंदीत निरानाराम नावाच्या एका मुलाची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी लिहिलेली होती. हा निरानाराम म्हणजेच पुण्याच्या खटल्यातील नारायण, असा दावा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आला. तो खरा मानला तर हत्याकांडाच्या दिवशी आरोपीचे वय अवघे बारा वर्षे सहा महिने होते. आणि १९९४ साली अमलात असलेल्या १९८६ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणेसुद्धा सोळा वर्षांखालील मुलाला देहान्ताची शिक्षा तर राहोच, कारावासाची शिक्षाही देता येत नव्हती. म्हणजे कायदा नंतर सौम्य झाला आणि त्याचा लाभ मागाहून मागितला जात होता, अशातला हा प्रकार नव्हता. गुन्ह्याच्या दिवशीही कायद्याचे म्हणणे हेच होते. कागद मात्र सातआठशे मैलांवर एका शाळेच्या कपाटात पडून होता, आणि तो मागवावा असे ना तपासी अंमलदाराला सुचले, ना बचावाला, ना न्यायासनाला.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ ए’ या गटाने कैद्याची बाजू हाती घेतल्यावर या कागदाला पाय फुटले. ज्याची सारी कौटुंबिक हकिगत दुसऱ्या प्रांतात आहे, ज्याला मराठी येत नाही, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसा नाही, त्याच्या वतीने त्याच्या गावी जाऊन शाळेच्या नोंदी तपासण्याचे काम १९९४ ते १९९८ या चार वर्षांत कोणाचे होते, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारला पाहिजे. माझ्या मते ते पहिल्याप्रथम सरकारचेच काम होते. आरोपीच्या अटकेच्या कागदावर वयाचा रकाना असतो. तो आरोपीच्या चेहऱ्याकडे पाहून भरण्याची चाल आहे आणि बाराव्या-तेराव्या वर्षी अंगमेहनत करणाऱ्या मुलाचा चेहरा फार लवकर प्रौढ दिसू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१९ रोजी पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांना वयाची चौकशी करून अहवाल पाठविण्याचा हुकूम केला. ज्या शहराच्या न्यायालयात एकवीस वर्षांपूर्वी फाशीचा निकाल लिहिला गेला, त्याच शहरात, शिवाजीनगरच्या त्याच आवारात, शाळेची नोंद, गावातील दाखले आणि माणसाची ओळख यांची छाननी झाली. आणि मे २०१९ मध्ये गेलेल्या अहवालाने निष्कर्ष काढला की निरानाराम आणि नारायण एकच, आणि गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने.

शाळेतील जन्मतारखेवर किती भरवसा ठेवावा, अशी शंका येथे कोणाही मराठी वाचकाच्या मनात येईल, कारण आपल्याकडे खेड्यापाड्यांतील एक आख्खी पिढी १ जूनला जन्मलेली आहे. मूल शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की हेडमास्तरांनी मुलाच्या अंगलटीवरून वर्ष ठरवावे आणि महिना-तारीख शाळेच्या सोयीची लिहावी, ही रीत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सरकारी सेवेतून ३१ मे रोजी एकदम निवृत्त होणाऱ्यांच्या रांगा हे तिचेच फळ. राज्य सरकारच्या वतीनेही नोंदीवर आणि नावातील फरकावर आक्षेप घेतले गेले. पण कायद्याने या बाबतीत पुराव्याची पायरी स्वतःच लावून दिली आहे: प्रथम शाळेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायत यांचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. वैद्यकशास्त्र प्रौढ माणसाचे वय अदमासानेच सांगते, आणि तो अदमास वय वाढत जाईल तसतसा अधिकच सैल होतो. त्यामानाने मुलाला पुढे कधी काळी खटल्याला तोंड द्यावे लागेल याची सुतराम कल्पना नसताना लिहिली गेलेली शाळेची नोंद, ढोबळ असली तरी, निदान निर्हेतुक असते. पहिलीत मूल घालणारा बाप आठ वर्षांनी घडणाऱ्या खुनाची तजवीज करीत नसतो.

२७ मार्च २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. हृषिकेश रॉय यांच्या पीठाने हा अहवाल मान्य केला. निकालपत्र न्या. बोस यांनी लिहिले आहे आणि त्यातील एक परिच्छेद मला विशेष वाचनीय वाटला. बारा वर्षांचा मुलगा इतके भीषण कृत्य करू शकेल हे मनाला पटणे कठीण आहे, ही गोष्ट आपल्याला हादरवते, असे न्यायमूर्ती मोकळेपणाने मान्य करतात; पण लगेच म्हणतात की, या धक्क्याच्या आधारे तर्क लढवून निर्णय गढूळ करणे आपल्याला शक्य नाही, कारण बालमानसशास्त्राचे किंवा गुन्हेशास्त्राचे तसे ज्ञान आपल्याजवळ नाही. आपल्या ज्ञानाची सीमा निकालपत्रात नोंदवणारा न्यायाधीश विरळा. बाल न्याय कायद्याखाली जास्तीत जास्त तीन वर्षांचीच तजवीज होऊ शकते, आणि या माणसाने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आहे, सबब त्याची तत्काळ सुटका व्हावी, असा हुकूम झाला आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो बाहेर पडला. त्या अठ्ठावीस वर्षांपैकी पंचवीस त्याने फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन काढली होती. पुण्याचा अनुकूल अहवाल गेल्यानंतरची जवळजवळ चार वर्षेही त्यांतच मोडतात, हे येथे नमूद करून ठेवतो.

तो निर्दोष आहे असे मात्र कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि वाचकांनीही तसा ग्रह करून घेऊ नये. ज्या घरातील सात माणसे गेली त्या घराचे दुःख एका शालेय नोंदीने हलके होत नाही. २०२३ च्या निकालाने ठरवले ते एवढेच की, त्याला देता येणारी शिक्षा कोणती होती, आणि ती न देता जी दिली गेली ती कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरची होती. सहआरोपी गेहलोत याची फाशी राष्ट्रपतींनी २०१६ मध्ये जन्मठेपेत परिवर्तित केली. तो वेगळा विषय.

ही सुटका कशामुळे शक्य झाली हे नीट पाहिले पाहिजे, कारण येथेच या लेखाचा गाभा आहे. २००० साली चारही दरवाजे बंद झालेले असताना २०१८ मध्ये पाचवा उघडला, तो न्यायाच्या कोणत्याही सर्वसाधारण तत्त्वाने उघडला नाही. प्रथम २ सप्टेंबर २०१४ रोजी मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवले की, फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकले पाहिजे. तोवर असे अर्ज दालनात, कागद फिरवून, वकिलाचे तोंडी म्हणणे न ऐकताच निकालात काढले जात. दुसरे असे की, बाल न्याय कायद्यात २००६ साली घातलेली आणि २०१५ च्या कायद्याच्या नवव्या कलमात कायम राहिलेली एक तरतूद सांगते की, गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरसुद्धा, उपस्थित करता येईल. संसदेने वयापुरते येजितखत फाडून टाकले, असे म्हणा. वयाखेरीज अन्य कोणत्याही बाबीला ही सवलत नाही. समजा, शाळेच्या कपाटातून निघालेल्या कागदाने निरानारामचे वय सिद्ध न होता त्या दिवशी तो जालबसरलाच हजर होता हे सिद्ध झाले असते. तर त्या कागदाला दाखल व्हायला आपल्या कायद्यात हक्काचा दरवाजा नव्हता.

हे विधान अतिशयोक्त वाटेल म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पेरूगेटापासून भिकारदास मारुतीपर्यंत आमच्या पेठेत वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून अभ्यासिका भरलेल्या आहेत. तेथे हाताच्या अंतरावर प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या खणांत न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग या परीक्षेचीही काही मुले-मुली बसलेली असतात, आणि त्यांच्या समोरच्या फळीवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम डावीकडे व नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे उजवीकडे, असे हाताने लिहिलेले कोष्टक चिकटवलेले दिसते. जुने ३११, नवे ३४८. जुने ३६२, नवे ४०३. जुने ३९१, नवे ४३२. अशाच एका खणात बसलेल्या मुलीने या विषयावर माझ्याशी बोलताना झटकन विचारले, ‘‘पण काका, ३९१ आहे की! अपिलात जादा पुरावा घेता येतो.’’ मी म्हटले, ‘‘अपील चालू आहे तोवर. ते संपल्यावर?’’ तिने कोष्टकावरून बोट खाली नेले, पुन्हा वर आणले, आणि म्हणाली, ‘‘मग ३६२ आडवे येते.’’ परीक्षेला तिचे उत्तर पूर्ण गुणांचे ठरेल. सही झालेला निकाल लेखनिकी वा गणिती चुकीखेरीज न्यायालयाला बदलता येत नाही, हेच ते कलम.

सर्वोच्च न्यायालयाला संविधानाच्या १३७ व्या अनुच्छेदाने पुनर्विलोकनाचा अधिकार दिला आहे खरा. पण त्या न्यायालयाचे स्वतःचे नियम काय म्हणतात ते पाहा. दिवाणी प्रकरणात पुनर्विलोकन दिवाणी संहितेच्या आदेश ४७ मधील कारणांसाठी मागता येते, आणि त्या कारणांत पहिलेच कारण असे की, योग्य ती खटपट करूनही पूर्वी हाती न आलेला नवा व महत्त्वाचा पुरावा आता मिळाला आहे. फौजदारी प्रकरणात मात्र अभिलेखावर उघड दिसणारी चूक एवढे एकच कारण चालते. म्हणजे सावकाराच्या दाव्यात हरलेल्या ऋणकोला माळ्यावरच्या पेटीत पावती सापडली तर ती घेऊन न्यायालयाची पायरी चढण्याचा हक्क आहे. फाशीच्या कैद्याला, तो त्या दिवशी दुसऱ्या गावी असल्याची पावती सापडली तर, तसा हक्क नियमांत लिहिलेला नाही. न्या. कृष्ण अय्यर यांना ही विसंगती खुपली आणि १९८० साली एका निकालात त्यांनी असा अर्थ लावला की, न्यायालयाच्या परवानगीने जे अभिलेखावर आणता येईल तेही अभिलेखातच मोडते, त्यामुळे फौजदारी पुनर्विलोकनाचा अधिकार दिवाणीहून तोकडा मानू नये. अर्थ उदार आहे, परंतु अर्थ लावावा लागणे हीच अडचण आहे. ज्याला फासावर जायचे आहे त्याचा हक्क न्यायमूर्तींच्या औदार्यावर टांगून ठेवणे बरे नव्हे. क्युरेटिव्ह अर्ज आणि दयेचा अर्ज हे आणखी दोन मार्ग आहेत. पहिला जवळजवळ केवळ न्यायाधीशाचा पक्षपात किंवा सुनावणीच न मिळणे अशा दोषांपुरता, आणि दुसरा कृपेचा. कृपा मागणाऱ्याला आधी अपराधी म्हणूनच उभे राहावे लागते.

असे औदार्य कधी कधी लाभते, त्याचे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे, आणि ते पुण्याच्या प्रकरणाहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडण्यात आले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेऊन पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातील अंकुश शिंदे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे तर २०१२ मध्येच उघड झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल परत बोलावला, अपिले पुन्हा ऐकली, आणि त्या सुनावणीत असे समोर आले की, जखमी अवस्थेत वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. ते चौघे कोण, त्यांचे काय झाले, याचा तपास पुढे नेलाच गेला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि कसूर करणाऱ्या अंमलदारांचा शोध घेऊन कारवाई करावी, असे हुकूम झाले. सोळा वर्षे गेली होती. येथे तर पुरावा नवा नव्हताच. तो पहिल्या आठवड्यापासून सरकारच्या ताब्यात होता, फक्त न्यायापुढे त्याला त्याच्या खऱ्या वजनानिशी कोणी ठेवला नव्हता.

उलट दिशेचा रस्ता आपल्या न्यायालयांना चांगला ठाऊक आहे. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात साक्षीदार फिरल्याने सर्व आरोपी सुटले, तेव्हा १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा हुकूम दिला आणि मुंबईत तो चालून २००६ मध्ये नऊ जण दोषी ठरले; उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांतील पाच जणांना सोडले. तो हुकूम योग्यच होता. पण सुटलेल्याला पुन्हा आणण्याइतकेच बळ अडकलेल्याला पुन्हा ऐकण्यातही दिसावयास हवे.

जपानात इवाओ हाकामादा नावाच्या मुष्टियोद्ध्याला चार खुनांसाठी १९६८ साली फाशी सुनावली गेली. त्याच्यावरील मुख्य पुरावा म्हणजे रक्ताने माखलेले पाच कपडे. ते गुन्ह्यानंतर चौदा महिन्यांनी, तो काम करीत असलेल्या कारखान्यातील मिसोच्या, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याच्या, टाकीत सापडले होते. जपानच्या कायद्यात नव्या पुराव्यावर फेरखटला मागण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ती वापरून त्याच्या बहिणीने आणि वकिलांनी दशकानुदशके झगडा दिला, आणि अखेर प्रयोग करून दाखवण्यात आले की, वर्षभर मिसोत बुडालेल्या रक्ताचा डाग तांबडा राहूच शकत नाही, तो काळवंडतो. कपड्यांवरचे डाग तर तांबूस होते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओका येथील न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हाकामादाला निर्दोष ठरवले, आणि ते कपडे मागाहून रचलेले होते असेही म्हटले. तरतूद असूनही इतकी वर्षे लागली, हे तिच्या विरुद्ध सांगता येईल. पण तरतूद नसती तर मिसोचा प्रयोग कोणत्या न्यायालयाने पाहिला असता? इंग्लंडने याहून पुढचे पाऊल टाकले. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांसाठी सोळा वर्षे तुरुंगात राहिलेल्या सहा जणांची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाल्यावर तेथे एक शाही आयोग बसला, त्याच्या शिफारशीवरून १९९५ चा कायदा झाला आणि १९९७ पासून एक स्वतंत्र आयोग निकालात निघालेली प्रकरणे तपासून, शिक्षा टिकणार नाही अशी वास्तव शक्यता दिसल्यास, ती पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवू लागला. आयोगाच्या हातात कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे, हे त्यातले मर्म. तुरुंगातल्या माणसाला जालबसरला जाता येत नाही, आयोगाला जाता येते.

असे दार उघडले तर अर्जांचा पूर येईल, प्रत्येक कैदी दर वर्षी नवा साक्षीदार पैदा करील, आणि मृतांच्या आप्तांना जन्मभर न्यायालयाचे जिने चढावे लागतील, हा आक्षेप मी जुन्या वकिलांकडून ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पूर येऊ नये म्हणून चाळणी बसवायची असते, नदी बुजवायची नसते. पुरावा पूर्वी मिळवणे खरोखरच अशक्य होते किंवा तो सरकारनेच दडवला होता, तो सकृद्दर्शनी विश्वसनीय आहे, आणि तो समोर असता तर निकाल वेगळा लागला असता, या अटी घातल्या की बहुतेक अर्ज उंबरठ्यावरच अडतील. वयाच्या तरतुदीचा अनुभवही हेच सांगतो: २००६ पासून ती अमलात आहे आणि तिच्या ओझ्याने न्यायालये कोसळलेली नाहीत. मृतांच्या आप्तांविषयी म्हणाल, तर नाशिकच्या प्रकरणात त्यांना न्याय मिळाला असे कोण म्हणेल? सहा माणसे सोळा वर्षे डांबली गेली, आणि त्या काळात ज्यांचा माग काढायला हवा होता ते मोकळेच राहिले.

चुकीच्या खटल्यांनी आयुष्य गेलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात ऑगस्ट २०१८ मध्ये केली. त्यानंतर संसदेने संपूर्ण फौजदारी प्रक्रिया नव्याने लिहिण्याची दुर्मीळ संधी घेतली, पाचशे एकतीस कलमांची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झाली, आणि समन्स मोबाइलवर पाठवण्यापासून घटनास्थळाच्या चित्रीकरणापर्यंत पुष्कळ गोष्टी तिच्यात नव्याने आल्या. अंतिम निकालानंतर सापडलेल्या पुराव्यासाठी मात्र तिच्यात एकही कलम नाही, आणि विधी आयोगाने सुचवलेला भरपाईचा कायदाही अद्याप झालेला नाही.